तळघरातली मेणबत्ती

पूल अर्धा ओलांडून झाला आणि डांबराचा भपकारा आला. पलीकडच्या टोकाला रस्त्याचं काम चाललं होतं. पिंपाखाली जाळ पेटला होता आणि काळा धूर वाऱ्यासरशी थेट पुलावर येत होता. समोरून येणाऱ्या माणसाने नाकाला रुमाल लावला. एक सायकलवाली बाई तोंड फिरवून निघून गेली. धाकटीनेही बाही नाकाशी धरली. ताई मात्र कठड्यापाशी थांबली, हातातल्या दोन्ही पिशव्या अलगद खाली ठेवल्या, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "पुलावर आलं की कसं मोकळं वाटतं बघ. हवा किती छान आहे आज!"

धाकटीने बाही नाकावरून खाली घेतली.

"ताई, धूर आहे गं."

"दिसतोय की. आंधळी नाहीये मी."

"तसं नाही..."

"मग कसं? चल, ती पिशवी जरा सरळ धर. तुझ्या पिशवीतल्या बाटल्या एकमेकींशी भांडताहेत, मला इथवर ऐकू येतंय."

धाकटीने पिशवी सरळ धरली. बाटल्यांमध्ये जुन्या चादरीच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या, तरी काच ती काचच. ताई पुढे चालू लागली, तशीच ताठ, तशीच भरभर. मागून पाहणाऱ्याला वाटलं असतं, या बाईला काय धाड भरलीय? धाकटी मनातल्या मनात देवाचं नाव घेत तिच्या मागून चालत राहिली. धूर डोळ्यांत जात होता, ते एक बरं होतं. डोळ्यांत पाणी का आलं हे कुणाला सांगावं लागलं नसतं.

नदीपलीकडच्या त्या वाइनच्या दुकानात जाताना दोघी बसने जायच्या आणि येताना चालत. बसचे धक्के बाटल्यांना सोसत नाहीत, हा ताईचा नियम. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, घड्याळं दुरुस्त करतात. माणूस नाजूक कामातला, पण या नियमापुढे त्यांनीही हात टेकले होते. "आपल्या लेकीला दवाखान्यातून घरी आणली, तेव्हासुद्धा आपण बसनेच आलो होतो!" असं ते दर वेळी म्हणायचे. त्यावर ताईचं उत्तर ठरलेलं. "लेक रडली तर थोपटून गप्प करता येत होतं. हिला एकदा हलवली की आठवडाभर गाळ खाली बसत नाही."

ताईला हा नाद लागला तो डागांमुळे. सगळा जन्म तिने कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानात काढला. मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती डाग काढायची. कपडा आला की आधी नाकाशी धरायची. तेलाचा डाग कुठला, शाईचा कुठला, औषधाचा कुठला, हे तिला हुंगून कळायचं. बाकीच्या बायका तिला 'नाकवाली' म्हणायच्या, आणि तिलाही ते आवडायचं. एकदा कुठल्याशा मेजवानीचा पांढरा टेबलक्लॉथ आला, त्यावर तळहाताएवढा जांभळा डाग. ताईने तो हुंगला आणि हातातलं काम तसंच ठेवलं. ओल्या मातीसारखा, जांभळासारखा आणि कुठेतरी नव्या चामड्यासारखा तो वास होता. डाग तर तिने काढला, पण घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, नुसता डाग एवढा बोलतो, तर बाटली काय बोलत असेल?"

पगार बेताचा, त्यामुळे भारी बाटलीचा प्रश्नच नव्हता. पण स्वस्तातलं चांगलं कसं शोधायचं, हे तिने वर्षानुवर्षं चुकत-माकत शिकून घेतलं. बाटली जड आणि तिच्यावरची चिठ्ठी सोनेरी असेल तर ती हात लावत नसे. "सगळा खर्च कपड्यांवर केलाय बाईने," म्हणायची. ज्या द्राक्षाचं नाव कुणी ऐकलेलं नाही, ज्या गावाचं नाव दुकानदारालाही धड उच्चारता येत नाही, तिथली बाटली घ्यायची. खिडकीच्या उन्हात उभी राहिलेली कधीच नाही. बाटली उजेडाकडे धरून वाइन मानेपर्यंत भरलेली आहे ना, बूच वर तर आलेलं नाही ना, हे बघायचं. आणि एकसारख्या तीन घ्यायच्या. एक लगेच उघडायची, एक पुढच्या वर्षी, आणि तिसरी विसरून जायची.

धाकटीने मात्र आयुष्यात थेंबभरही ओठाला लावला नाही. देवापुढे हात जोडून बसणारी बाई ती, तिला ते जमणारं नव्हतं, आणि ताईनेही कधी आग्रह केला नाही. "पिऊ नकोस. वास घेणं तर पाप नाही ना? विचार तुझ्या देवाला," एवढंच ती म्हणाली होती. देवाने मनाई केली नाही. तेव्हापासून धाकटी हुंगायची आणि ताई प्यायची. दोघींच्या त्या खेळात किती वर्षं गेली, कुणी मोजली नाहीत.

पण आज दुकानात काहीतरी वेगळंच झालं होतं. दुकानदाराने नवीन आलेली लाल वाइन जराशी ओतून पुढे केली. ताईने पेला नाकाशी नेला, फिरवला, पुन्हा नेला. मग न पिताच तो धाकटीकडे सरकवला आणि हसून म्हणाली, "तू सांग आधी."

आजवर ताईने तिला 'आधी' कधी विचारलं नव्हतं.

पूल संपला. डांबराच्या पिंपाजवळून जाताना तर धाकटीला ठसकाच लागला. ताईने वळून पाहिलं. "पाणी देऊ?" म्हणाली. धाकटीने मान हलवली. तिच्या मनात मागचा रविवार घोळत होता.

त्या दिवशी ताईकडे व्याही जेवायला आले होते. त्यांच्यासाठी ताईने लेक कॉलेजात असताना घेऊन ठेवलेली बाटली वर आणली. लाल वाइन जरा गार हवी म्हणून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली. साबण न लावता धुतलेले, सगळ्यांना सारखे असे साधे पेले मांडले. नेहमीसारखी पहिली धार स्वतःच्या पेल्यात घेतली, नाकाशी नेली, मान डोलावली आणि मग सगळ्यांना अर्धा-अर्धा पेला ओतला. विहीणबाईंनी एक घोट घेतला आणि लगेच पाण्याचा ग्लास उचलला. जावई ताटात बघत राहिला. भाऊजींनी सगळा पेला औषधासारखा घशाखाली ढकलला आणि म्हणाले, "वा! वाट बघितली त्याचं चीज झालं."

धाकटीने सवयीप्रमाणे पेला नाकाशी नेला होता. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीत विसरलेल्या फडक्याचा वास. बूच खराब निघालं की वाइनला हाच वास येतो. ताईने तिला सगळ्यांत आधी ओळखायला शिकवलेला वास तो हाच. आणि ताई टेबलाच्या टोकाला बसून तो पेला चवीने पीत होती, लेकीला सांगत होती, "बघ, कशी उमललीय!"

कुणी काही बोललं नाही. धाकटीही नाही.

न बोलण्याचं कारण भाऊजींना ठाऊक नसेल, पण दोघी बहिणींना पक्कं ठाऊक होतं. त्यांचे वडील बेकरीत भट्टीवर होते. पाव झाला की नाही हे ते वासावरून सांगायचे, घड्याळ बघायची त्यांना गरज नव्हती. मग एका वर्षी पाव करपायला लागले. धूर भरला तरी वडील भट्टीपाशी गाणं गुणगुणत उभे. आई म्हणायची, भट्टीच बिघडलीय. बिचाऱ्यांनी दोनदा भट्टी विटा-विटा करून उतरवली आणि पुन्हा बांधली. त्यानंतर त्यांचे हात संथ झाले, मग घरचा रस्ता सापडेना, आणि शेवटी तर ते धाकटीला 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात?' असं विचारायचे. नाक सगळ्यात आधी गेलं होतं. ही गोष्ट दोघींनी कधी एकमेकींजवळ बोलून दाखवली नव्हती, पण सर्दी झाली की दोघीही गुपचूप कॉफीचा डबा उघडून हुंगायच्या, हे धाकटीला स्वतःवरून माहीत होतं.

'आता विचारते,' असं म्हणत म्हणत तीन गल्ल्या गेल्या. पोस्टाजवळच्या वळणावर तिने तोंड उघडलं, तर ताई म्हणाली, "तुझा चेहरा असा का झालाय? बूट चावतोय का?"

"हो," धाकटी म्हणाली. "चावतोय."

घर आलं. अरुंद, एकावर एक खोल्या चढवलेलं घर. भाऊजी दुकानात गेलेले, ते संध्याकाळीच यायचे. संध्याकाळी लेक-जावईही येणार होते. दाराचं कुलूप ताईने काढलं आणि बूट न काढताच पिशव्या घेऊन आत गेली. "मी या लेकरांना खाली निजवून येते. कालपासून एक बाटली उभी करून ठेवलीय, तीही सुरईत ओतून टाकते. तू चहा टाक गं!"

तळघराचा जिना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून खाली जायचा. तळघर कसलं, कोळसे ठेवायची जुनी खोली ती. ताईने तिथे मातीचे जाड पाईप आडवे रचले होते, आणि एकेका पाइपात एकेक बाटली, चिठ्ठी वर करून, आडवी. बूच ओलं राहायला हवं म्हणून आडवी. हवा कोरडी पडू नये म्हणून कोपऱ्यात पाण्याच्या परातीत विटा. उजेडाने वाइन बिघडते म्हणून दिवा नाही. एक टॉर्च खिळ्याला, आणि फळीवर मेणबत्ती. जुनी बाटली सुरईत ओतताना मेणबत्ती बाटलीच्या मानेमागे धरायची, गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली की ओतणं थांबवायचं. टॉर्चने डोळे दिपतात, मेणबत्तीचा उजेड मऊ असतो, असं ताईचं म्हणणं. ओतायचं तेही खालीच, कारण जिन्यावरून वर आणताना बसलेला गाळ पुन्हा उठतो.

दाराशी बसून धाकटी बुटांच्या नाड्या सोडत होती. एका नाडीला गाठ बसली होती. ती सोडवता सोडवता तिला वाटलं, घरात काहीतरी कुजलंय. गाठ सुटली. ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि तिथेच थांबली.

गॅस. साऱ्या खोलीत गॅस कोंडलेला. खिडक्या बंद. शेगडीवर दुधाचं पातेलं, दूध उतू जाऊन बर्नरवर वाळलेलं, ज्योत विझलेली आणि बटण उघडंच. एवढ्या वेळात किती सुटला असेल कोण जाणे. ताई याच खोलीतून गेली होती. याच शेगडीला अंग घासून गेली होती.

हा गॅस हवेपेक्षा जड. तो खाली बसतो, खोलगट जागा शोधतो. सिलिंडर आणून देणारा माणूस दर वेळी हेच बजावून जायचा. आणि खाली, त्या बिनदिव्याच्या खोलीत, काड्यांची पेटी खुळखुळली.

धाकटी ओरडली. "काडी ओढू नकोस! ताई! काडी नको!"

"का गं?" खालून हसू आलं. "आता मेणबत्ती लावणंही पाप का?"

जिना ती कशी उतरली, देवालाच ठाऊक. खाली पिवळट अंधार होता. टॉर्च फळीवर आडवी ठेवलेली, तिच्या उजेडात ताई पाठमोरी उभी, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात काडी, काडी पेटीला टेकवलेली. धाकटीने मागून तिचे दोन्ही हात धरले आणि मुठी आवळल्या. ताई दचकली, तिचं कोपर बाटलीला लागलं. बाटली फळीवरून खाली पडली आणि फुटली.

क्षणभर काहीच झालं नाही. काही पेटलं नाही.

"वेडी झालीस?" ताई कडाडली. "माहितेय का किती वर्षं सांभाळली होती मी..."

"गॅस सुटलाय ताई. वर चल. टॉर्चला हात लावू नकोस. कशाला म्हणजे कशाला हात लावू नकोस."

"कुठाय गॅस?" ताईने मान उंच केली. दोनदा, तीनदा जोराने श्वास ओढला, जशी ती कपडे हुंगायची तशी. मग खाली पायांपाशी सांडलेल्या वाइनकडे पाहिलं. वाकली, बोटं त्यात बुडवली, नाकाशी नेली. तिचा चेहरा धाकटीने पाहिला आणि दुसरीकडे बघितलं.

"वर चल," ती पुन्हा म्हणाली, या वेळी हळू.

धाकटीने बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, एकेक खिडकी उघडली. खिडकीची कडी हातातून दोनदा सुटली. मग मागचं दार उघडून दोघी अंगणाच्या पायरीवर बसल्या. शेजारी कुणाचा तरी रेडिओ चालू होता. दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलत होते. ताईच्या बुटांचे तळ लाल झाले होते आणि पायरीवर त्यांचे ठसे उमटले होते. डाग काढण्यात जन्म घालवलेल्या बाईने त्या ठशांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"थंडीपासून. आधी वाटलं सर्दी आहे. मग डोळे मिटून एकेक वस्तू हुंगायला लागले. साबण, बुटाचं पॉलिश, कॉफी. कॉफी कधीकधी येते. म्हणजे येते, की येते असं वाटतं, देव जाणे." ती हसली, पण ते हसू कसनुसं होतं. "बघ, तुझ्या देवाचं नाव घ्यायला लागले."

"डाग काढायच्या त्या औषधांमुळे असेल गं. इतकी वर्षं ते सगळं नाकात गेलं. नाकाचा डॉक्टर असतो, एखादं औषध..."

"त्या रविवारी वाइन खराब होती ना?"

धाकटीने दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं.

"विहीणबाईंनी लगेच पाणी प्यायलं. मी बघितलं. वाटलं, जेवणात तिखट झालं असेल. आणि यांनी 'वा' म्हटलं, तर मी धरून बसले त्या 'वा'ला." ताईने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. काडी अजून तिच्या मुठीत होती. धाकटीने ती हळूच काढून घेतली.

"नाकाचं एक वेळ समजू शकते मी," ताई म्हणाली. "माणसाचे कान जातात, डोळे जातात, तसं नाक. नाक गेलं तर गेलं. पण ऐक ना. ते दूध कुणी ठेवलं?"

"तूच ठेवलं असशील. निघायच्या आधी."

"मी?" ताईने तिच्याकडे पाहिलं. तळघरात काडी पेटीला टेकलेली पाहूनही धाकटीला इतकी भीती वाटली नव्हती. "मला आठवत नाहीये. आत्ता तू सांगतेस, तरी आठवत नाही. पातेलं काढलं, दूध ओतलं, काहीच नाही. मागे विसरायचे, तर 'अरे हो' व्हायचं. आज 'अरे हो' होतच नाहीये."

"घाईत होतं असं. कुणाचंही होतं. परवा मीच..."

"असंच म्हणायची आई बाबांना."

घरातून गॅसचा वास अजून येत होता, विरत विरत. निदान धाकटीला तरी येत होता. तिने ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला. मनातलं नामस्मरण तुटत होतं, पुन्हा धरत होतं. देवा, नाक ने. हवं तर माझंही ने. पण तेवढ्यावर थांब.

"यांना सांगू नकोस, असं म्हणणार नाहीये मी," ताई म्हणाली. "गॅसचं सांगावंच लागेल. शेगडी एकटीने पेटवायची नाही, तेही मला मान्य. लेकीला संध्याकाळी मीच सांगेन. ते सगळं मी करीन." तिने नाक ओढलं आणि बाहीने डोळे पुसले. "बुधवारची वेळ घेतलीय मी. विसरण्याच्या आजाराचे डॉक्टर आहेत ते. गेल्या महिन्यातच घेतली. एकटी जाणार होते."

"मी येते."

"येच. यांना नेलं तर हे आधीच सगळी उत्तरं पाठ करून येतील, आणि माझ्या आधी देतील. म्हणून तू. पण तुझंही मला माहितेय. शाळेत बाई मला प्रश्न विचारायच्या आणि उत्तर तू खिडकीतून सांगायचीस. बाबांना डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लंत? तर आई म्हणाली, पाव-चहा. आजचा वार कुठला? तर आईनेच सांगितला. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम. टॉनिक देऊन घरी पाठवलं. दोन वर्षं गेली त्यात. आठवतंय?"

धाकटीला आठवत होतं. तिने फक्त मान हलवली.

"तर बुधवारी तू आत माझ्याशेजारी बस," ताई म्हणाली, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "ते मला काहीबाही विचारतील. लेकीचं नाव विचारतील, तुझं विचारतील. मला नाही आलं, तर तू सांगू नकोस. ओठसुद्धा हलवू नकोस. मी तुझ्याकडे बघेन, मला माहितेय मी बघेनच. तेव्हा तू खाली बघ."